गळतीसाहेबांचा तंबू

पाणी कुठून येतं हे कोणीही सांगेल, पण ते कुठे जातं हे सांगायला गळतीसाहेबच लागतात, असं खुद्द गळतीसाहेबांचं मत होतं. पाणीपुरवठा खात्यात सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला स्वतःबद्दल एवढं मत बाळगायचा हक्क आहे. हुद्दा गळती निरीक्षक. काम असं की, चार फुटी लोखंडी कांडीचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि दीड मीटर खाली कुठल्या पाइपाच्या कुठल्या सांध्यातून पाणी पळतंय ते सांगायचं. बाकीचे लोक आधी खणायचे आणि मग शोधायचे. गळतीसाहेब आधी ऐकायचे. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. खात्यात आणि सोसायटीत सगळे त्यांना गळतीसाहेबच म्हणत, आणि बायको चिडली की तीसुद्धा.

अशा माणसाला तंबूशी काय देणंघेणं, असं कोणालाही वाटेल. पण त्याला कारण होती त्यांची लेक.

लेक सहा वर्षांची असताना एका रविवारी तिने हॉलमध्ये चार खुर्च्या मांडून त्यांच्यावर चादर टाकली आणि आतून हाक मारली, “बाबा, आत ये ना!” गळतीसाहेब खाली वाकले, एक गुडघा आत गेलासुद्धा, आणि फोन वाजला. मोठी लाइन फुटली होती. निघता निघता ते म्हणाले, “तुला खरा तंबू आणतो. तळ्याकाठी नेतो. थेंबभर पाणी आत येणार नाही असा तंबू! त्यात येतो बघ मी.” त्यानंतरच्या बारा वर्षांत शहरात किती लाइनी फुटल्या याची नोंद खात्यात आहे. लेकीने चार वर्षं विचारलं, मग विचारणं सोडून दिलं. सोडून दिलंय हे गळतीसाहेबांच्या लक्षात आलं ते आता, तिच्या हॉस्टेलचं पत्र आलं तेव्हा. परक्या गावी पाच वर्षं शिकायला जायची होती पोर. दीड मीटर खालचं ऐकू येणाऱ्या माणसाला घरातली एक गोष्ट आठ वर्षं ऐकू आली नव्हती. हे त्यांना फार लागलं. पण लागलं म्हणून बसून राहतील ते गळतीसाहेब कसले? कॅलेंडर काढलं, तर जायच्या आधी एकच शनिवार मोकळा होता. त्यावर त्यांनी लाल पेनाने गोल केला आणि जाहीर केलं, “तंबू!”

“आता?” बायको म्हणाली.

“आता नाही तर कधी?” गळतीसाहेब म्हणाले.

तंबूच्या दुकानात चौघंही गेली, चौथ्या म्हणजे सासूबाई. त्या गेली सहा वर्षं आपल्या लेकीकडे, म्हणजे गळतीसाहेबांच्याच घरी राहत होत्या. जावयाबद्दल त्यांना आदर होता, पण तो त्या वापरून झिजवत नसत. दुकानदाराने मोठा नारिंगी तंबू पुढे ओढला. “हा घ्या साहेब, फॅमिलीसाठी. चार माणसांचा. तीन हजार मिलिमीटर वॉटरप्रूफ.”

“तीन हजार कुठून मोजले?”

“म्हणजे?”

“कोणी मोजले? कधी? पाण्याचा दाब किती होता? किती तास?”

दुकानदाराने आयुष्यात शेकडो तंबू विकले होते, पण तंबूच्या वतीने साक्ष द्यायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती. “साहेब, लेबलवर छापलंय,” तो म्हणाला.

“छापायला काय जातं? आमच्याकडे प्रत्येक पाइपावर छापलेलं असतं.” गळतीसाहेबांनी तंबूच्या शिवणीवरून बोट फिरवलं, कापड प्रकाशात धरलं आणि मग दुकानातली चार गिऱ्हाइकं बघत असताना ते कानाला लावलं.

सासूबाईंना वेगळीच शंका होती. “चार माणसांचा म्हणजे आडवी का उभी?”

“आडवी हो, आजी.”

“कुशीवर वळली तर?”

शेवटी लेकीनेच तिढा सोडवला. तंबूत शिरली, मांडी घालून बसली आणि म्हणाली, “बाबा, मला हाच आवडलाय.” त्यावर गळतीसाहेबांचे उरलेले अकरा प्रश्न घशातच राहिले. तंबू घेतला. बाहेर पडताना मात्र ते दुकानदाराला बजावायला विसरले नाहीत, “मी तपासणार आहे.”

आणि तपासला त्यांनी. इथून खरी गोष्ट सुरू होते.

दुसरा कोणी असता तर त्याने तंबू गच्चीवर उभा केला असता, बाहेरून नळी मारली असती, आत हात फिरवून बघितला असता आणि पाच मिनिटांत चहाला खाली आला असता. पण गळतीसाहेबांनी उभ्या जन्मात टाक्या तपासल्या होत्या, आणि टाकी तपासायची रीत एकच: पाण्याने भरायची, पातळीची खूण करायची, चोवीस तास थांबायचं आणि पुन्हा मोजायचं. रविवारी भल्या सकाळी त्यांनी गच्चीवर तंबू ठोकला. तळाचं जाड कापड चारी बाजूंनी वीतभर वर आलेलं होतं. त्याला बाहेरून विटांचा आधार दिला, दाराच्या उंबऱ्यावरून नळी आत सोडली आणि गच्चीवरच्या टाकीचा कॉक उघडला.

बायको शाळेत गणित शिकवते. ती वाळत घातलेले कपडे काढायला वर आली आणि जिन्याच्या तोंडाशी थबकली.

“अहो, तंबूत पाणी बाहेरून येणार की आतून?”

“जिथून बाहेर जात नाही, तिथून आत येत नाही. साधं आहे.”

“तीन मीटर बाय तीन मीटर,” बायको शांतपणे म्हणाली. “पाणी बारा सेंटीमीटर. म्हणजे एक हजार ऐंशी लिटर. एक टनाहून जास्त वजन तुम्ही वरच्या काकांच्या पलंगावर ठेवलंय.”

“स्लॅबला तेवढं चालतं.”

“काकांना चालतं का विचारा,” असं म्हणून ती कपडे घेऊन खाली गेली. संसारात आपलं गणित कुठे थांबवायचं हे तिला पंचवीस वर्षांत चांगलं कळलं होतं.

काकांना विचारायची गरज पडली नाही, ते आपणहून आले. सैन्यातून निवृत्त होऊन सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायला आलेले हे काका, त्यांच्याच हिशेबाने, तीस वर्षं तंबूत झोपले होते. आपल्या डोक्यावर टनभर पाणी आहे याची त्यांना फिकीर नव्हती. तंबू चुकीचा लावलाय याची मात्र होती. “भोवती चर खणा,” त्यांनी हुकूम सोडला. गच्चीवर चर खणता येत नाही हे ऐकून ते थोडे हिरमुसले, पण मागे हटले नाहीत. दोऱ्या सैल आहेत, खुंट्यांऐवजी विटा बांधल्यात, दार वाऱ्याच्या तोंडावर आलंय, नारिंगी रंग शत्रूला लांबून दिसतो, शिवणींना मेण चोळा, मेणाच्या आधी साबण चोळा, वरच्या त्या दोन झडपांना हात लावू नका, तंबूला श्वास लागतो, आणि झोपताना बूट उशाला घ्या. गळतीसाहेब “हो, हो” म्हणत राहिले. माणूस एका दमात इतके सल्ले देऊ लागला की त्यातला खरा कामाचा कुठला हे देवालाही ओळखता येणार नाही, आणि गळतीसाहेबांनी तर पहिल्या सल्ल्यानंतर ऐकणंच सोडलं होतं.

साडेसातच्या सुमाराला त्यांनी पातळीवर पेनाने रेघ मारली, कॉक बंद केला आणि समाधानाने खाली आले. आठ वाजता सोसायटीतले नळ कोरडे पडले.

आता, रविवारी सकाळी आठ वाजता इमारतीत किती माणसं अंगाला साबण लावून उभी असतात याची खात्यात नोंद नाही. पण जिन्यात आलेल्या आवाजांवरून ती बरीच असावीत. तळमजल्यावरच्या एका सद्‌गृहस्थांनी तर एका डोळ्यात साबण असतानाच खात्याच्या तक्रार क्रमांकावर फोन लावला आणि सांगितलं की भरलेली टाकी तासाभरात रिकामी झाली, इमारतीत कुठेतरी भयंकर गळती आहे, तज्ज्ञ माणूस पाठवा.

सोमवारी सकाळी साडेसातच्या ठोक्याला गळतीसाहेबांनी गच्चीवर जाऊन पोलादी पट्टीने पातळी मोजली. रेघेच्या खाली सात मिलिमीटर. पुन्हा मोजली, सातच. ते चारी बाजूंनी गुडघ्यांवर फिरले. गच्ची कोरडी ठणठणीत होती, एक ओला डाग नव्हता. पाणी गेलं होतं आणि गेल्याची खूण नव्हती. सव्वीस वर्षांत असली गळती त्यांनी बघितली नव्हती.

“सात मिलिमीटर म्हणजे त्रेसष्ट लिटर,” बायको चहा ओतता ओतता म्हणाली. “चार बादल्या झाल्या.”

“गुप्त गळती,” गळतीसाहेब गंभीरपणे म्हणाले. खिडकीत सासूबाई आपल्या कुंड्यांशी बोलत होत्या. त्या दिवशी कुंड्या खूपच टवटवीत दिसत होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

ऑफिसात पोचले तर टेबलावर दोन फायली. पहिली त्यांच्याच इमारतीच्या भयंकर गळतीची. दुसरी तळ्याकाठी एक रात्र तंबू लावण्याच्या परवानगीची. तळं खात्याचं, त्यामुळे अर्ज खात्यातच येणार आणि अभिप्रायाला गळती निरीक्षकाकडेच जाणार, हे अर्ज करताना गळतीसाहेबांच्या ध्यानात आलं नव्हतं. अर्जदार आणि अधिकारी एकच. दुसरा कोणी असता तर सही ठोकून मोकळा झाला असता. पण गळतीसाहेबांनी आजवर कोणाची भीड ठेवली नव्हती, ती स्वतःची कशी ठेवतील? त्यांनी चष्मा पुसला आणि शेरा लिहिला: ‘अर्जदाराच्या तंबूत चोवीस तासांत सात मिलिमीटर घट आढळून आली आहे. दोष दूर करून अर्ज पुन्हा सादर करावा.’ मग तो अर्ज स्वतःच्या पत्त्यावर टपालाने परत पाठवला. तो बुधवारी घरी आला, आणि तो वाचताना त्यांना राग आला नाही असं नाही.

पहिली फाईल अधिक अवघड होती, कारण तिच्यासाठी जागेवर जावं लागणार होतं. दुपारी खात्याची टोपी घालून, कांडी घेऊन गळतीसाहेब स्वतःच्या इमारतीत तपासणीला आले. सोसायटीचे सेक्रेटरी फाटकाशीच उभे होते. वर्गणीपासून लिफ्टपर्यंत प्रत्येक गोष्टीवरून बारा महिने चेहरा पाडून असलेल्या या माणसाच्या तोंडावर त्या दिवशी हसू बघून सगळ्यांना धक्काच बसला.

“या, या, निरीक्षकसाहेब! पहिल्यांदाच येताय का आमच्याकडे?”

गळतीसाहेब जिन्याकडे वळले. मजल्यामजल्यावर दारं किलकिली होत होती. त्यांनी प्रत्येक मजल्यावर पाइपाला कांडी लावली, कान लावला आणि डोळे मिटले. नियम म्हणजे नियम. गच्चीवर पोचल्यावर सेक्रेटरींनी नारिंगी तंबूकडे बोट केलं. तो पोटात हजार लिटर घेऊन उन्हात चमकत होता.

“साहेब, हे काय असावं?”

“अहवालात येईल,” गळतीसाहेब म्हणाले आणि तिथेच फॉर्म भरायला घेतला. गळतीचे ठिकाण: गच्ची. गळतीचे कारण: … इथे पेन थांबलं. खोटं लिहिणं त्यांच्याच्याने झालं नसतं, आणि खरं लिहिणं कोणाच्याच्याने झालं नसतं. शेवटी त्यांनी लिहिलं: ‘शोध सुरू आहे.’

त्या संध्याकाळी सूचनाफलकावर कागद लागला: ‘गच्चीवर तळे करण्यास मनाई आहे.’ तळं रिकामं करण्यास मात्र मनाई नव्हती, म्हणून गळतीसाहेबांनी विटा काढल्या आणि एक बाजू खाली दाबली. हजार लिटर पाणी पन्हाळीतून एका दमात पार्किंगमध्ये उतरलं आणि सेक्रेटरींची स्कूटर धुऊन फाटकापर्यंत घेऊन गेलं. स्कूटर महिनाभरात प्रथमच स्वच्छ दिसली. पण माणसाला चांगलं केलेलं दिसत नाही.

आता दुसऱ्यांदा पाणी भरून बघायची सोय उरली नव्हती. तेव्हा गळतीसाहेबांनी ठरवलं की गळती सापडत नाही ना, मग सगळंच बंद करू. पाइपाच्या सांध्यांना लावतात तो खात्याच्या पसंतीचा राखाडी लेप विकत आणला आणि मंगळवारपासून रोज संध्याकाळी हॉलमध्ये तंबू पसरून ते शिवणीमागून शिवण लेपू लागले. शिवणी झाल्या. मग दोऱ्यांच्या कड्यांची भोकं झाली. मग त्यांची नजर छताजवळच्या दोन जाळीदार झडपांवर गेली.

“बाबा, त्या उघड्या ठेवायच्या असतात ना?” लेक बॅग भरता भरता म्हणाली. “कागदावर लिहिलंय तसं.”

“उघडं म्हणजे भोक. आणि भोक म्हणजे गळती,” गळतीसाहेब म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही झडपांवर कापडाचे तुकडे ठेवून वरून तीन हात लेप चढवला. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली ती अशी.

त्याच आठवड्यात लेकीच्या बॅगेवरही त्यांचं काम चालू होतं. कागदपत्रं प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत. प्लॅस्टिकच्या पिशवीसाठी तिसरी पिशवी. औषधांचा डबा, त्याला चिकटपट्टी. नळाचे दोन जादा वॉशर, कारण हॉस्टेलच्या नळांचा भरवसा नाही. आणि सूचनांचा एक कागद. तो सोमवारी नऊ सूचनांचा होता आणि गुरुवारी एक्केचाळीस सूचनांचा झाला. लेक वाचायची, मान डोलवायची आणि घडी करून ठेवायची. पोर फार बोलायची नाही. आपण जाणार याचं तिला वाईट वाटतंय की नाही, हे गळतीसाहेबांना कळत नव्हतं, आणि विचारायची छाती होत नव्हती. ते लेपत बसले.

शुक्रवारी ते भर दुपारी लेपलेला तंबू गच्चीवर लावून आत जाऊन बसले आणि चेन ओढून घेतली. उन्हाचा एक कवडसा आत येत नव्हता. बाहेर येऊन त्यांनी घाम पुसला, ऑफिस गाठलं आणि स्वतःच्या अर्जावर शेरा मारला: ‘तंबू पूर्णपणे बंदिस्त. परवानगी देण्यास हरकत नाही.’

शनिवारी दुपारी चौघं तळ्याकाठी पोचली. गळतीसाहेब जमिनीचा उतार मोजत होते तोवर लेकीने कागद वाचून पंधरा मिनिटांत तंबू उभा केला. आकाश भरून आलं होतं. मैदानात आणखी तीन तंबू होते, आणि त्यांतली माणसं घाईघाईने दोऱ्या आवळत होती. गळतीसाहेब मात्र कमरेवर हात ठेवून आकाशाकडे बघत उभे होते. घोडामैदान जवळच होतं.

चार वाजता पाऊस आला तो धो धो. चौघं आत शिरली, गळतीसाहेबांनी दाराची चेन शेवटच्या दातापर्यंत ओढली आणि चटईच्या मधोमध बसले. वर ताशा वाजावा तसा पाऊस वाजत होता आणि आत सगळं कोरडं होतं. बायकोने डबा उघडला. सासूबाई आडव्या झाल्या, कुशीवर वळल्या आणि पुन्हा उताण्या झाल्या. त्यांची दुकानातली शंका फिटली. लेकीने हॉलमधल्या चादरीच्या तंबूची आठवण काढली. तिला खुर्च्यांचे रंगसुद्धा आठवत होते. मग शाळेतले किस्से निघाले, मास्तरांच्या नकला झाल्या, आणि बायको डोळ्यांत पाणी येईतो हसली. ती मास्तरांपैकीच असल्यामुळे तिला त्या जास्त कळल्या. तास गेला, दीड तास गेला. गळतीसाहेबांनी चारी कोपऱ्यांना हात लावून बघितला आणि म्हणाले, “थेंबभरही नाही. मी काय म्हटलं होतं?”

टप्.

सासूबाईंच्या नाकाच्या शेंड्यावर थेंब पडला होता. त्यांनी तो बोटावर घेऊन जावयाला दाखवला. “हा कोण मग, जावईबापू?”

गळतीसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात दुसरा थेंब बायकोच्या डब्यात पडला, तिसरा त्यांच्याच टकलावर. टॉर्च लावून बघतात तर छताला आतून शेकडो थेंब लटकलेले, भिंती ओल्या, शिवणी ओल्या आणि जिथे शिवण नव्हती तिथेही ओलंच. त्यांनी कांडी काढली. एक टोक छताला, दुसरं कानाला. काही ऐकू येईना. जागा बदलली, गुडघ्यांवर रांगले, उताणे झोपून ऐकलं. बायकोच्या अंगावरून गेले, सासूबाईंना ओलांडलं. पाणी सगळीकडून येत होतं आणि कुठूनच येत नव्हतं. बारा वर्षांत एक वचन, त्यासाठी एकच शनिवार, आणि तोही गळायला लागला होता. मंगळवारी पोर निघून जाणार होती.

“सापडेल,” ते स्वतःशीच पुटपुटले. “थांबा. सापडेल.”

“बाबा.” लेकीने भिंतीवरून बोट ओढलं आणि बोटाकडे बघितलं. “बाबा, बस जरा खाली. हे पावसाचं पाणी नाहीये.”

“मग कोणाचं?”

“आपलं. बाहेर गार आहे, आत आपण चौघं दोन तास बसलोय, बोलतोय, हसतोय. श्वासाची वाफ बाहेर जायला वाटच नाही. आरशावर तोंडाने वाफ सोडतो ना, तसंच. तंबू गळतोय म्हणून नाही, अजिबात गळत नाही म्हणून हे होतंय.”

गळतीसाहेबांनी वर बघितलं. वरच्या काकांचा तो एक सल्ला, बूट आणि साबणाच्या मधोमध हरवलेला, त्यांना आता शब्दन् शब्द आठवला. त्यांनी तीन हात लेप चढवलेल्या झडपांकडे टॉर्च मारला.

“पण ते सात मिलिमीटर?” ते केविलवाण्या आवाजात म्हणाले. “पाणी गेलं होतं ना! चार बादल्या!”

“चारच,” सासूबाई उताण्याच म्हणाल्या. “नळाला पाणी नव्हतं, कुंड्या सुकल्या होत्या. वर एवढं तळं भरलेलं. मी संध्याकाळी थोडं थोडं नेलं. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही.”

मग बायको खुदकन हसली, आणि लेक तर पोट धरून आडवीच झाली. आधी गळतीसाहेबांच्या मानी मनाला ते फार झोंबलं. मग त्यांनी लेकीकडे बघितलं. असं हसताना त्यांनी तिला कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. गळतीच नव्हती. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच नसलेली गळती ते शोधत बसले होते, आणि तेवढ्यासाठी चांगल्या वाटा बुजवून बसले होते.

“चाकू कुठाय?” ते म्हणाले.

“अहो, बाहेर धो धो पाऊस आहे.”

“लेप बाहेरून आहे, बाहेरूनच निघेल.”

ते बाहेर गेले आणि दोन मिनिटांत नखशिखांत भिजले. लेप खात्याच्या पसंतीचा होता, त्यामुळे सहजी निघेना. तीन संध्याकाळींची मेहनत त्यांनी चाकूने खरवडून काढली. पहिली झडप सुटली तशी आतून वाफ बाहेर आली आणि त्यांच्या चष्म्यावर बसली. मग दुसरी सुटली. आतून लेक म्हणाली, “आली, हवा आली!”

आणि खिशातला फोन वाजला.

मोठे साहेब होते. “अहो, कुठे आहात? मुख्य लाइन फुटलीय, चौकात पाणीच पाणी! आणि तुमच्या त्या इमारतीच्या फाईलवर कारण अजून आलेलं नाही. ताबडतोब निघा.”

गळतीसाहेब पावसात उभे होते. हातात चाकू, कानाला फोन, पायात चिखल. तंबूच्या दाराची चेन हातभर उघडली आणि लेकीचं तोंड बाहेर आलं. तिने फोन बघितला. चेहरा जरासा उतरला, बारा वर्षांपूर्वी उतरला असेल तसाच. पण या वेळी ती गप्प राहिली नाही.

“बाबा,” ती म्हणाली, “आत ये ना.”

“साहेब,” गळतीसाहेब फोनमध्ये म्हणाले, “माझ्या मदतनिसाला पाठवा. त्याला सांगा, आधी ऐक आणि मग खण. त्याला जमतं, मीच शिकवलंय. आणि त्या फाईलवर कारण लिहून घ्या: निरीक्षकाची चूक. सही सोमवारी करतो.”

“अहो, पण तुम्ही आहात कुठे?”

“तंबूत,” गळतीसाहेब म्हणाले. ते अजून दाराबाहेर होते, पण एक गुडघा आत गेला होता. त्यांनी फोन बंद केला आणि दुसरा गुडघाही आत घेतला.

टोपीतून, बाह्यांतून, पॅन्टच्या पायांतून पाणी घळाघळा चटईवर आलं. डबा भिजला, उशा भिजल्या, सासूबाईंनी पाय वर घेतले. त्या दिवशी पावसाचं जेवढं पाणी तंबूत आलं, ते सगळं एकट्या गळतीसाहेबांनी आणलं.

“थेंबभरही नाही म्हणाला होतात, जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या.

“असू दे गं आजी,” लेक म्हणाली. तिने टॉवेल बापाच्या डोक्यावर टाकला आणि सरकून त्यांना जागा करून दिली.